विद्यापीठ निवडताना नेमकं काय बघायचं? आणि आत गेल्यावर निभावायचं कसं?

दोलक:
नमस्कार. इथे बरीच इंजिनीअर मंडळी आहेत म्हणून हा धागा काढतोय. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक विद्यापीठ मोठं, नावाजलेलं. तिथे शाखा मिळतेय मटेरियल्सची, जिच्याबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नाही. दुसरं लहान आहे, फारसं कोणी नाव घेत नाही, पण तिथे मेकॅनिकल मिळतंय आणि मला शाळेत असल्यापासून तेच करायचं आहे. घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात नाव आयुष्यभर पुरतं, ताई म्हणते आवड नसेल तर चार वर्षं रेटून काढशील. रँकिंगच्या याद्या बघून गोंधळ आणखी वाढला. एका यादीत जे वर आहे ते दुसरीत सापडतच नाही.

दुसरा प्रश्नही मनात आहे. शाळेत पहिली आलेली मुलं पहिल्याच वर्षी नापास होतात असं खूप ऐकतो. असं का होतं? शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. कृपया सविस्तर लिहा.

गिरमिट:
दोलक, आधी त्या याद्या बाजूला ठेव. जागतिक रँकिंगमध्ये संशोधनलेखांना किती जणांनी उद्धृत केलं आणि इतर प्राध्यापकांचं त्या विद्यापीठाबद्दल मत काय, याला मोठं वजन असतं. पीएचडी करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. तुला पहिल्या वर्षी गणित कोण शिकवणार, लेथपाशी उभं राहायला कधी मिळणार, हे त्यातून कळत नाही.

मी वीस वर्षं मशीन डिझाइनमध्ये आहे, मुलाखती घेतो. समोरच्याने काय बनवलं, ते कुठे फसलं आणि मग त्याने काय केलं, एवढंच मी खोदून विचारतो. ज्यांच्या हातून काही बनलेलं असतं ते या प्रश्नावर खुलतात. बाकीचे प्रकल्पाचं शीर्षक सांगून थांबतात.

म्हणून दोन्ही ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. पहिल्या वर्षाची नको, ती अजून नव्याच्या आनंदात असतात. शेवटच्या वर्षाचीही नको, त्यांचं लक्ष नोकरीकडे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचार: प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती किती जण उभे असतात? वर्कशॉप तासिकेव्यतिरिक्त उघडी मिळते का? प्रयोगवही स्वतःच्या वाचनांवरून लिहितात की मागच्या वर्षीची उतरवतात? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर तो जरा थांबला, तर समजायचं ते समज.

सावली:
माझी मुलगी पुढच्या वर्षी याच वळणावर येईल, म्हणून वाचते आहे. पालक म्हणून एक विचारते. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी प्रत्येक माहितीपत्रकात ठळक छापलेली असते. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

गिरमिट:
सावलीताई, टक्केवारी कशाची काढली ते विचारा. एकूण विद्यार्थ्यांपैकी, की फक्त नोंदणी केलेल्या ‘पात्र’ विद्यार्थ्यांपैकी? भाजक बदलला की आकडा हवा तसा फुगतो. पगाराची सरासरी सांगितली तर मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा, मागा, कारण दोन-तीन मोठे पगार सरासरीला सहज वर ओढतात. आणि आकडा शाखावार हवा. सगळ्या शाखांचा एकत्र आकडा तुमच्या मुलीच्या उपयोगाचा नाही.

खडूचूर:
मी सत्तावीस वर्षं पहिल्या वर्षाचं गणित आणि मेकॅनिक्स शिकवतोय. दोलक, तुझे दोन प्रश्न मला एकच वाटतात. विद्यापीठ निवडताना एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघ: तिथे विद्यार्थ्याला स्वतःची चूक किती दिवसांत कळते?

सोमवारी सोडवलेलं उदाहरण गुरुवारी तपासून हातात आलं, तर कुठे घसरलो ते अजून आठवत असतं. सत्र संपल्यावर नुसते गुण कळले तर शिकण्यासारखं काही उरत नाही. म्हणून विचार की तपासलेल्या उत्तरपत्रिका परत मिळतात का, किती दिवसांनी, आणि त्यावर लाल शेऱ्यांत नुसते आकडे असतात की वाक्यंही असतात. ट्यूटोरियलची तुकडी किती जणांची? प्राध्यापकांच्या खोलीत प्रश्न घेऊन जाण्याची वेळ ठरलेली आहे का, आणि मुलं खरंच जातात का?

हे नुसतं माझं मत नाही. २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि इंजिनीअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. जिथे फक्त व्याख्यान होतं तिथे नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं. जिथे वर्गातच मुलांना सोडवायला, बोलायला, चुकायला लावलं जात होतं तिथे २१.८ टक्के. मुलं सारखीच, विषय तेच. वर्गात बसून ऐकायचं की वर्गात काम करायचं, एवढाच फरक.

यातली गोम २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दिसली. स्वतः धडपडून शिकणाऱ्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण ‘किती शिकलात?’ असं विचारल्यावर सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी सांगितलं. म्हणजे शिकण्याचा भास आणि शिकणं या दोन गोष्टी उलट दिशेला जाऊ शकतात. त्यामुळे ‘आमचे सर इतकं छान शिकवतात की सगळं लगेच कळतं’ असं कोणी सांगितलं, तर पुढे विचार की मग तुम्ही स्वतः काय करता.

दोलक:
सर, हे असं कोणीच सांगितलं नव्हतं. मी आजच दोन्हीकडे फोन करतो. पण बाबांचा मुद्दा राहतोच. नाव पुरत नाही का?

गिरमिट:
थोडं पुरतं. पहिल्या नोकरीच्या वेळी दार लवकर उघडतं.

ओळंबा:
यावर बराच जुना पण चांगला अभ्यास आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. साधारण सारख्याच कुवतीच्या, सारख्याच नामांकित कॉलेजांत अर्ज करून निवडल्या गेलेल्या मुलांपैकी काही तिथे गेली, काहींनी कमी नावाचं कॉलेज निवडलं. पुढच्या कमाईत सरासरी फरक फारसा दिसला नाही. ज्याच्यात धमक होती त्याने ती कुठेही दाखवली. पण कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरी या क्षेत्रातलं कोणी नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्यांना तिथल्या माणसांचा उपयोग होतो असा मी त्याचा अर्थ लावतो. दोलक, तुमच्या घरी इंजिनीअर कोणी आहे का? नसेल तर बाबांचं म्हणणं हलकं समजू नका.

शिवाय अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. १९८९ मध्ये सहा देशांतल्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी वॉशिंग्टन करार केला, नंतर आणखी देश त्यात आले. एकमेकांच्या इंजिनीअरिंग पदव्या समकक्ष मानायच्या, असा तो करार आहे. पण ही मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते, अख्ख्या विद्यापीठाला नव्हे. मोठ्या नावाच्या ठिकाणीही एखादी शाखा मान्यतेविना असू शकते. पुढे दुसऱ्या देशात काम किंवा परवाना हवा असेल तर हे अडतं.

दोलक:
नाही, घरात मी पहिलाच. मान्यतेचं माहीतच नव्हतं, बघतो.

धातुक:
मटेरियल्सबद्दल काहीच माहीत नाही असं लिहिलं आहेस, म्हणून राहवलं नाही. मीही ती शाखा ‘मिळाली म्हणून’ घेतली होती. पहिलं वर्ष नाराजीत काढलं. मग दुसऱ्या वर्षी शिक्षिकेने एक छायाचित्र दाखवलं: स्केनेक्टडी नावाचं तेलवाहू जहाज, जानेवारी १९४३, धक्क्याला उभ्या उभ्या मधोमध दुभंगलेलं. वादळ नाही, टक्कर नाही. नवं कोरं जहाज. थंडीत ते पोलाद काचेसारखं ठिसूळ वागत होतं, आणि सलग वेल्ड केलेल्या पत्र्यांत एकदा सुरू झालेली भेग थांबायला जागा नव्हती. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी तरी थांबायची. त्या काळच्या बऱ्याच जहाजांना असे तडे गेले.

त्या दिवशी मला कळलं की मेकॅनिकलवाला भाग कितीही सुंदर आखो, तो ज्याचा बनणार ते तापमानाबरोबर स्वभाव बदलतं, आणि ते ओळखणारं कोणीतरी लागतं. आज मी टर्बाइनच्या पात्यांच्या मिश्रधातूंवर काम करतो आणि माझे निम्मे सहकारी मेकॅनिकलचे आहेत. तेव्हा नाव ऐकून शाखा नाकारू नकोस, आणि नाव ऐकून घेऊही नकोस. दोन्ही शाखांच्या दुसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी उघड, प्रत्येक विषयाचं एक प्रकरण वाचून बघ. एक संध्याकाळ पुरते. वाचताना कुठे वेळ कसा गेला कळलं नाही, ते लक्षात ठेव.

आणि शाखा बदलण्याच्या भरवशावर प्रवेश घेणार असशील तर नियम लेखी वाच. किती जागा, कोणत्या गुणांवर. ‘होऊन जातं’ या शब्दावर जाऊ नकोस.

तिसरी_सेम:
मी सध्या शिकते आहे, त्यामुळे दोलकच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी शाळेत कायम पहिली. पहिल्या सत्रात गणितात नापास झाले. घरी सांगायला मला अकरा दिवस लागले.

काय चुकलं ते आता दिसतं. मी सोडवलेली उदाहरणं वाचत होते. पुस्तकातली, मैत्रिणीच्या वहीतली, व्हिडिओमधली. प्रत्येक पायरी पटत होती. पटतंय म्हणजे येतंय असंच वाटायचं. पेपरात पान कोरं समोर आलं आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना, कारण पहिली ओळ मी कधी स्वतः लिहिलीच नव्हती.

शाळेत हे खपून जायचं, कारण ठरावीक प्रकारची उदाहरणं यायची. इथे आठवड्याला शाळेतल्या महिन्याइतकं पुढे जातात. एकदा मागे पडलं की पुढच्या व्याख्यानातलं काहीच लागत नाही, मग लाज वाटते, मग आपण शेवटच्या बाकावर जातो. विचारायचं तर सगळ्यांना येतंय आणि मलाच नाही, असं वाटत राहतं. नंतर कळलं, माझ्या खोलीतल्या तिघींपैकी दोघींना तसंच वाटत होतं. आम्ही एकमेकींना सांगितलंच नव्हतं.

खडूचूर:
तिसरी_सेम, हे इतकं मोकळेपणाने लिहिलंस, तुझे मनापासून आभार. दर वर्षी माझ्यासमोर अशी कितीतरी मुलं बसलेली असतात आणि ती बोलत नाहीत.

तू म्हणतेस तोच मुद्दा पुढे नेतो. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणं सोडवून मग दुसरा प्रकार घेतला, जसं आपल्या पुस्तकांत असतं. दुसऱ्या गटाला सगळे प्रकार मिसळून दिले. सराव करताना पहिला गट ८९ टक्के बरोबर, दुसरा ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला, मिसळून सराव करणारा ६३ वर. कारण उघड आहे. प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या उदाहरणात कोणती पद्धत वापरायची हे आधीच माहीत असतं. परीक्षेत आणि पुढे कामावर तेच तर ओळखायचं असतं.

माझ्या मुलांना मी सांगतो: उत्तर झाका. वीस मिनिटं स्वतः झुंजा. अडलात तर फक्त पुढची एक ओळ बघा, पुन्हा झाका. झालं की तीन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, दुसऱ्या दोन प्रकरणांतल्या उदाहरणांत मिसळून. याने अभ्यास संथ आणि कटकटीचा वाटतो. मुलं तक्रार करतात. पण जी टिकून हे करतात त्यांना पुन्हा माझ्याकडे रडत यावं लागत नाही.

आणि एकत्र बसा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीसमन यांनी पाहिलं की कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती आणि चांगल्या तयारीचे होते, पण एकेकटे अभ्यास करत. पुढे असणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापलं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची कामं तपासत. ट्रीसमननी अवघड उदाहरणं घेऊन गटाने बसण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल पालटले. क्रम ध्यानात घ्या: आधी एकट्याने, मग गटात. उलट केलं तर गटातला एक सोडवतो आणि बाकीचे पटतंय म्हणून मान हलवतात.

सावली:
सर, एक शंका. शाळा मातृभाषेत झालेली मुलं इथे जास्त अडखळतात का? मुलीची हीच भीती आहे.

खडूचूर:
पहिले दोन-तीन महिने अडखळतात, हे खरं. संवेग, त्वरण, जडत्व या शब्दांमागची कल्पना तिच्या डोक्यात पक्की असेल तर नवं नाव चिकटवायचं एवढंच काम आहे. एका वहीत दोन रकाने करायला सांगा, ओळखीचा शब्द आणि नवा शब्द, आणि शेजारी एक छोटी आकृती. वर्गात एखादं वाक्य निसटलं तर निसटू दे. फळ्यावरची आकृती आणि समीकरण उतरवून घे, म्हणावं. विचार मात्र आपल्या भाषेतच करू दे. ज्या मुलांनी घाईने विचारही परक्या भाषेत करायला घेतला, ती व्याख्या पाठ करू लागली.

ओळंबा:
सरांचा ‘चूक किती दिवसांत कळते’ हा प्रश्न माझ्या कामात जीवावरचा आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. मी पुलांचं काम करतो.

कॅनडात क्वेबेकला सेंट लॉरेन्स नदीवर पूल बांधायला घेतला होता. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १,६०० फुटांचा ठरला होता, तो पुढे १,८०० फूट केला. गाळा वाढला म्हणजे पुलाचं स्वतःचं वजन वाढणार, ते नव्याने मोजायला हवं होतं. वेळेवर मोजलं नाही. पोलादाची बरीच कामं झाल्यावर फरक ध्यानात आला आणि तो चालून जाईल असं ठरवलं गेलं. ऑगस्ट १९०७ मध्ये जागेवरच्या तरुण इंजिनीअरला खालचे दाबाखालचे भाग वाकत चाललेले दिसले. त्याने मोजमापं घेतली, कळवली. वाद झाला की ते आधीपासूनच वाकडे होते. शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपरनी काम थांबवायची तार केली, पण ती बांधकामाच्या जागी न जाता पोलाद बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात गेली. त्याच संध्याकाळी, २९ ऑगस्टला, पूल कोसळला. ७५ कामगार गेले.

त्या तरुणाला चूक दिसली होती. ती ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्यापर्यंत वेळेत पोचली नाही. विद्यार्थी असताना चूक लपवायची सवय लागली तर ती कामावर बरोबर येते. माझ्या हाताखाली येणाऱ्या पोराला मी हेच बघतो: ‘सर, माझं इथे चुकलंय’ हे तो कधी सांगतो. त्या दिवशी, की महिन्याने. तिसरी_सेमने अकरा दिवस घेतले आणि आज सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या साइटवर मला अशी इंजिनीअर हवी.

आणि एकक लिहा. प्रत्येक ओळीत. मंगळाकडे पाठवलेलं क्लायमेट ऑर्बिटर यान १९९९ मध्ये हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसरीकडे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. जवळजवळ साडेचार पटींचा फरक.

तिसरी_सेम:
ओळंबा सर, धन्यवाद. खूप बरं वाटलं वाचून.

दोलक, एक व्यावहारिक गोष्ट. एखादी विद्यार्थ्यांची टीम असेल, शर्यतीची गाडी बनवणारी, ड्रोनवाली, काहीही, तर जा. पण पहिल्या सत्रात एकच. मी तीन ठिकाणी नाव दिलं होतं आणि तिन्हीकडे फक्त सभांना बसले. आता एकाच टीममध्ये ब्रेकच्या पेडलवर काम करते. पहिला भाग चाचणीत वाकला. का वाकला ते शोधताना जो स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कळला, तो वर्गात कळला नव्हता.

गिरमिट:
हेच पेडल मुलाखतीत सांग. वाकलेला भाग जपून ठेव, टाकू नकोस.

दोलक:
सगळ्यांना कळवायचं होतं. दोन्हीकडच्या मिळून सात मुलांशी बोललो. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला तीनशेचा वर्ग, पण ट्यूटोरियलची तुकडी वीस जणांची आणि उत्तरपत्रिका आठवड्यात परत. हे मला अनपेक्षित होतं. लहान विद्यापीठात वर्ग साठचा, पण प्रयोगवहीचा प्रश्न विचारल्यावर तिघेही थांबले. वर्कशॉपची किल्ली एका माणसाकडे आणि तो दुपारी निघून जातो. मान्यता दोन्हीकडे आहे.

मग धातुक म्हणाले तसं दोन्हींचे विषय वाचले. भेगा कशा वाढतात ते प्रकरण रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. मेकॅनिकलचं यंत्रांच्या गतीचं प्रकरणही आवडलं, खोटं सांगत नाही. पण मोठ्या विद्यापीठात मटेरियल्सवाल्यांना मेकॅनिकलचे चार विषय ऐच्छिक म्हणून घेता येतात, हे लेखी नियमांत आहे. म्हणून तिकडे जातोय. ताईला समजावायला वेळ लागला. तिला हा धागाच वाचायला दिला.

वर्ग सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. तोवर काय करू?

खडूचूर:
अभिनंदन. नवीन काही शिकायला घाई करू नकोस. बीजगणितात हात साफ कर, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, सदिश, साधं अवकलन आणि संकलन. पहिल्या वर्षी मुलं कलनात अडकली असं दिसतं, पण कागद तपासताना मला चूक सापडते ती बहुतेक वेळा अपूर्णांकात किंवा चिन्हात. रोज दहा उदाहरणं, मिसळून, उत्तर झाकून. सोबत पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम लिही, जसं की वर फेकलेला चेंडू किती वेळाने खाली येईल, आधी हवेच्या विरोधाशिवाय आणि मग विरोध धरून. दुसऱ्याचं उत्तर सूत्राने सहज मिळणार नाही, तेव्हा गंमत कळेल.

अडलास तर इथेच टाक. प्रश्न आणि तू केलेला प्रयत्न दोन्ही, चुकलेल्या ओळीसकट. मी रात्री बघतो.